सांदवाडीतल्या भाज्यांसाठी घरचे फवारे: कोणत्या किडीला काय, किती आणि कधी

मृगाचा पाऊस पडला की आमच्या सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, चार वाफे होतातच. वांगी, भेदरं (टमाटे), मिरच्या, भेंडी, कुडावर दोडक्याचा नाहीतर वालाचा वेल, आणि नळाजवळ जरासा सांबार, म्हणजे कोथिंबीर. पोळ्यापर्यंत सगळं हिरवंगार असते, मग एक दिवस पान उलटून बघावं तर खाली नुसती किडे-किडे. आणि तेव्हा घरातलं कोणीतरी हमखास म्हणते, पऱ्हाटीवर मारलेलं औषध पंपात उरलं आहे नं, त्यातलाच एक हात मारून दे इकडे. मी हे सगळं लिहायला बसली ते या एका वाक्यासाठी. ते कृपा करून करू नका.

आमचा जिल्हा यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती होते. तेव्हापासून मला त्या पंपाचा वास आला तरी पोटात गोळा येतो. कापसाचं औषध हे कापसासाठी असते, कापूस कोणी खात नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला तर भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी वावरातलं उरलंसुरलं सांदवाडीत येते आणि तिसऱ्या दिवशी त्याच वांग्याचं भरीत लेकरांच्या ताटात. म्हणून पहिला नियम हा, की सांदवाडीसाठी पंप वेगळा. एक-दोन लिटरचा हाताने हवा भरायचा छोटा पंप मिळते, तोच घ्या, तेवढ्यात दहा-बारा झाडांचं काम आरामात होते. वावरातला पंप कितीही धुतला तरी नळीत, वॉशरमध्ये औषध राहतेच.

आधी पान उलटा, मग काय ते ठरवा

बहुतेक जण इथेच चुकतात, कीड दिसली की फवारा. कोणता किडा आहे ते बघतच नाहीत. सकाळी सातच्या आत, दव असताना, पाच-सहा झाडांची खालची पानं उलटून बघा. सकाळी किडे सुस्त असतात, पटकन उडत नाहीत.

वालाच्या, चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळे नाहीतर हिरवे बारीक दाणे चिकटल्यासारखे दिसले तर तो मावा. त्याच्या आसपास मुंग्यांची ये-जा असते, कारण मावा गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या तो खातात, आणि त्याच्या बदल्यात माव्याला सांभाळतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की वर शेंड्याकडे नजर टाका. भेंडीच्या पानाच्या कडा वर वळून पिवळ्या आणि मग विटकरी व्हायला लागल्या तर तुडतुडे, पान हलवलं की ते तिरपे चालतात. झाड हलवल्यावर पांढरी बारीक पाखरं भुर्रकन उडाली तर पांढरी माशी. मिरचीची पानं होडीसारखी वळून बारीक झाली, ज्याला आपण चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो, तिथे फुलकिडे किंवा कोळी असतात, आणि कधी पांढऱ्या माशीने आणलेला रोगही असतो. जास्वंदावर कापसासारखे पांढरे गोळे म्हणजे पिठ्या ढेकूण. आणि उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि लाल ठिपके म्हणजे लाल कोळी.

हे सगळे रस शोषणारे. दुसरी जात म्हणजे कुरतडणाऱ्या अळ्या, पानाला भोकं पाडणाऱ्या. तिसरी जात आत घुसून बसणारी, वांग्याच्या शेंड्यातली अळी, फळमाशीची अळी, पानात नागमोडी रेघ काढणारी नागअळी. या तिसऱ्या जातीला कोणताही घरचा फवारा लागत नाही, कारण फवारा बाहेर आणि अळी आत. हे समजून घेतलं नं तर अर्धी मेहनत वाचते.

आणि मारायच्या आधी मित्र किडेही ओळखा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं पिल्लू कोणी ओळखत नाही. ते ढालकिड्यासारखं दिसतच नाही. लांबुळकं, राखाडी-काळं, अंगावर नारंगी ठिपके, सहा पाय बाहेर काढून तुरूतुरू चालते, अगदी छोटी सुसरच. माझ्या सासूबाई इतकी वर्षं ते चिरडत होत्या, त्यांना वाटे हाच किडा वाल खातो. मी एकदा त्यांना वालाच्या शेंड्याजवळ बसवून दाखवलं, ते पिल्लू एकेक मावा तोंडात धरून शोषत होतं आणि रिकामी सालं मागे टाकत होतं. असे दोन-चार जण एका शेंड्यावर दिसले तर मी त्या झाडाला फवारत नाही, चार दिवस थांबते.

साबणाचं पाणी

मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, तुडतुड्यांची पिल्लं, कोळी, या मऊ अंगाच्या किडींना सगळ्यात आधी हेच. अंगाचा साधा साबण किसून ५ ग्रॅम, किंवा पातळ साबण असेल तर ५ मिली म्हणजे एक छोटा चमचा, एक लिटर पाण्यात. किसलेला साबण आधी वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, गाळून घ्या, मग बाकीचं पाणी घाला.

हे किड्याच्या अंगावर पडलं तरच काम करते. साबणाने त्याच्या अंगावरचा मेणचट थर जाते आणि तो सुकून मरतो. पानावर वाळल्यावर साबणाचा काही उपयोग नाही, म्हणून वरून धुई उडवल्यासारखा फवारा मारून चालत नाही, नोझल उलटं करून पानाच्या खालून मारायचं, शेंडा बोटाने धरून ओलाचिंब करायचा. चार-पाच दिवसांनी परत, कारण अंडी मरत नाहीत, त्यातून नवीन निघतात.

पाण्याचं एक बघा. आपल्याकडे बऱ्याच बोरवेलचं पाणी जड आहे, त्यात साबणाचा फेस येत नाही, वर पांढरट साका जमतो. तसं झालं तर ते फवारू नका, कामही होत नाही आणि नोझलही बुजते. पावसाचं पाणी पन्हाळीखाली बादली ठेवून धरा, नाहीतर गोड्या विहिरीचं आणा.

कपडे धुवायची पावडर मात्र घेऊ नका. मी एका मार्च महिन्यात ढेमशाच्या वेलावर मावा बघून घाईघाईत मूठभर पावडर पाण्यात कालवली आणि दुपारी दोन वाजता मारून टाकली. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा वाळून कागदासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या, आठ दिवसांत अर्धा वेल गेला, आणि तेव्हा त्याला बोटाएवढी ढेमसं लागलेली होती. चूक तीन ठिकाणी होती, पावडर जळजळीत, माप नाही, आणि ऊन. ढेमसं, काकडी, कोहळं यांची पानं तशीही नाजूक असतात. तेव्हापासून मी कोणताही नवीन फवारा आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबते, मगच बाकीच्या झाडाला.

साबण नको असेल तर रिठे चालतात. ८-१० रिठे फोडून बी काढून टाका, टरफलं रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. निंबोळी अर्कात साबणाऐवजी मी यातलंच थोडं घालते.

निंबोळी अर्क, हे नीट समजून करा

आपल्या गावात घरटी एक कडुनिंब आहे, तरी लोकं दुकानातून बाटली आणतात. मला याचं खरंच वाईट वाटते, कारण मृगात आपल्याच अंगणात सडा पडलेला असते आणि आपण तो झाडून उकिरड्यावर टाकतो.

पिवळ्या पिकून खाली पडलेल्या निंबोळ्या वेचा, हिरव्या तोडू नका. बादलीत पाणी घेऊन हाताने चोळा, गर आणि साल सुटून वर येते, ते काढून टाका, पांढरट बी खाली राहते. हे बी सावलीत वाळवा, आठ-दहा दिवस, रोज हात फिरवत. उन्हात टाकलं की लवकर वाळते हे खरं, पण त्यातलं कामाचं कडू द्रव्य, ज्याला अझाडिरॅक्टिन म्हणतात, ते उन्हाने कमी होते. वाळल्यावर कापडी पिशवीत नाहीतर पोत्यात भरा. पॉलिथिनमध्ये भरलं की आत घाम सुटते आणि बुरशी येते, काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं बी फेकून द्यायचं. चांगलं बी फोडलं की उग्र, जरासा लसणासारखा वास येते.

प्रमाण असं. वावरासाठी सांगतात ते ५ टक्के, म्हणजे ५ किलो निंबोळीची भरड आणि १०० लिटर पाणी. घरासाठी तेच छोटं करायचं, १ लिटरला ५० ग्रॅम. दोन लिटरचा पंप असेल तर १०० ग्रॅम बी.

संध्याकाळी बी खलबत्त्यात जाडसर कुटा. पीठ नको, पीठ केलं की कापडातून गाळत नाही. फडक्यात सैल पुरचुंडी बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती पुरचुंडी त्याच पाण्यात दाबायची, पिळायची, परत बुडवायची, परत पिळायची. पहिल्यांदा दुधासारखं पांढरं पाणी येते, दहा-बारा वेळा पिळल्यावर ते फिकट होत जाते, एकदम पाणचट झालं की थांबा. मग जुन्या लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळा, उरलेलं पाणी घालून दोन लिटर करा, आणि लिटरमागे २ ग्रॅम साबण विरघळवून घाला म्हणजे पानावर चिकटते. चोथा वांग्याच्या बुडाशी मातीत मिसळा.

उकळू नका. बऱ्याच बाया काढ्यासारखं उकळतात, उष्णतेने त्याचा जोर जाते. आणि उद्यासाठी ठेवू नका, त्याच संध्याकाळी मारा, ऊन उतरल्यावर. सकाळी मारलं तर दिवसभराचं ऊन त्याला लागते, संध्याकाळी मारलं तर रात्रभर पानावर राहते.

आता एक गोष्ट, ज्यामुळे लोकं निंबोळीवर नाराज होतात. दुसऱ्या दिवशी बघायला जातात तर अळी जिवंत. निंबोळीने अळी पटकन मरत नाहीच. तिचं खाणं कमी होते, आणि तिला पुढची कात टाकता येत नाही, त्यामुळे ती चार-पाच दिवसांत सुस्त होऊन जाते. म्हणून पान नवीन कुरतडलं जाते आहे का ते बघा, अळी मेली का ते नका बघू. आणि हे लहान अळीवर चालते. बोटाएवढी झालेली अळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं जास्त सोपं. सात-आठ दिवसांनी परत मारा, मधे जोराचा पाऊस झाला तर आधीच.

बी नसेल तर निंबाचं तेल, लिटरला ५ मिली. तेल सरळ पाण्यात टाकलं तर वर तरंगते आणि पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल येते, ज्या झाडावर तेल पडलं ते जळते. आधी तेल आणि पातळ साबण वाटीत चांगलं घोटा, ते पांढरं झालं की थोडं थोडं पाणी घालत पातळ करा, आणि फवारताना पंप मधूनमधून हलवत राहा. नुसत्या पाल्याचा अर्क करतात तोही चालते, पण पाल्यात बियाण्याएवढा जोर नसतो, हे मनात धरून करा.

मिरची-लसूण

हे किड्यांना मारायपेक्षा पळवायला जास्त चांगलं. दहा तिखट हिरव्या मिरच्या, लसणाची एक गड्डी, पाट्यावर वाटून लिटरभर पाण्यात रात्रभर. सकाळी दोनदा गाळा, मिरचीचं एक बी राहिलं तरी नोझल बुजते. फवारताना एक वाटी अर्काला पाच वाट्या पाणी आणि थोडा साबण. वास दोन-तीन दिवस टिकते, मग परत मारावं लागते.

हातात प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घालून वाटा, डोळ्यांना चष्मा लावा, तोंडाला रुमाल बांधा आणि वाऱ्याला पाठ देऊन मारा, लेकरं घरात असू द्या. तोडायला आलेल्या भाजीवर मारू नका, वास लागते.

दशपर्णी

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, नैसर्गिक शेती शिकवणारे, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे नीमास्त्र, अग्निअस्त्र ही घरच्या अर्कांची नावं गावोगाव पोचली, आणि दशपर्णी, म्हणजे दहा प्रकारच्या पाल्याचा अर्क, तर आता बचत गटही विकतात. २०० लिटरच्या ड्रमचं प्रमाण सगळीकडे सांगतात, घरासाठी त्याचा दहावा हिस्सा करा. निंबाचा पाला अर्धा किलो, आणि करंज, निरगुडी, सीताफळ, एरंड, पपई, घाणेरी, गुळवेल, रुई यातला जो मिळेल तो प्रत्येकी २०० ग्रॅम, हिरव्या मिरचीचा ठेचा २०० ग्रॅम, लसूण २५ ग्रॅम, शेण ३०० ग्रॅम, गोमूत्र अर्धा लिटर, पाणी २० लिटर. सावलीत झाकून एक महिना, रोज दोन-तीनदा काठीने ढवळायचं, मग गाळून लिटरभर पाण्याला २५ मिली.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा खराब होऊ शकतो, ती तोडताना जपून. कन्हेर बरेच जण घालतात, मी घालत नाही, कन्हेर माणसालाही विषारीच आहे आणि ही भाजी आपण खाणार आहोत. आणि हा अर्क, शेण-गोमूत्र असल्यामुळे, सांबार, मेथी, मुळा, पालक यांच्यावर मी मारत नाही. वांगी, मिरची, वाल यांना चालते, तेही फळ लागायच्या आधी.

तंबाखूचं पाणीही लोकं सांगतात. ते नका करू. निकोटीन कातडीतूनही अंगात जाते, आणि तंबाखूतला मोझॅक रोग भेदऱ्याला, मिरचीला लागू शकते. तंबाखूचा खर्रा खाऊन आलेला माणूस भेदऱ्याच्या रोपांना हात लावणार असेल तर त्यालाही आधी साबणाने हात धुवायला लावा.

जिथे फवाऱ्याने भागत नाही

वांग्याचा कोवळा शेंडा दुपारी मान टाकल्यासारखा लोंबला आणि सकाळीही उभा राहिला नाही तर तो तोडून नखाने उभा चिरून बघा, आत गुलाबीसर पांढरी अळी बसलेली दिसते. शेंडा सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खालून कापा, साबणाच्या पाण्यात बुडवा. भोक पडलेली वांगीही तशीच. ती उकिरड्यावर टाकली तर अळी तिथेच कोष करून पाखरू होऊन परत येते. दर दोन दिवसांनी हे केलं की फरक पडतो, आणि कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पाखरांना ओढून पकडणारा, मिळाला तर तोही लावा.

दोडकं, कारलं, ढेमसं यांची फळं वाकडी होऊन सडतात ते फळमाशीने. सडलेलं फळ रोज उचलून पिशवीत बांधून उन्हात ठेवा किंवा हातभर खोल पुरा, आणि वेलाजवळ क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा, सापळा टांगा. वेलावरचे तांबडे भुंगे पहाटे दवात सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा आणि ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरवा. पांढऱ्या माशीसाठी डब्याचं झाकण पिवळं रंगवून त्याला एरंडीचं तेल फासून झाडाच्या उंचीवर टांगा, तेल सुकलं की परत फासा. लाल कोळ्याला एप्रिल-मेमध्ये सकाळी पानाच्या खालून नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा पुरते, तेव्हा आपल्याकडे पारा ४५ कडे जाते, त्या उन्हात तेल-साबण काहीच मारू नका.

कधी मारायचं, कसं ठेवायचं

संध्याकाळ, वारा नसताना, पाऊस दिसत नसताना. फुलं वाचवून. कोहळं-काकडीची फुलं सकाळी उमलतात, पण दोडक्याची आणि लौकीची संध्याकाळी उमलतात, म्हणून या दोन वेलांना फवारताना उमललेलं फूल हाताने झाकूनच मारा, नाहीतर फुलावर येणारी पाखरं, माशा जातात आणि मग फळ धरत नाही.

मारल्यावर तीन-चार दिवस भाजी तोडू नका, तोडल्यावर चोळून धुवा. तयार अर्क कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका, घरचा असला तरी. लेकरू बाटली ओळखते, आतलं पाणी ओळखत नाही. दशपर्णी ठेवायची असेल तर जुन्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून, चित्र काढून, उंचावर ठेवा.

काम झालं की पंपात साधं पाणी भरून दोनदा दाबून काढा, नोझल उघडून जुन्या टूथब्रशने घासा, आणि उघडाच उलटा वाळत ठेवा. निंबोळीचा चिकट थर आत सुकला की पुढच्या खेपेला धार फाकत नाही, आणि ते आपल्याला कळते संध्याकाळी सहा वाजता, अर्क तयार असताना.